अष्टमीचा बयाणा

दिनानाथ मिस्त्रीला घर बघायला न्यायचं असेल, तर दोन गोष्टी आधीच सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे बयाणा दिलेला नसावा. आणि दुसरी, वेळ तो सांगेल ती.

घर घेणारी माणसं साधारणपणे रविवारी सकाळी अकराला घर बघायला जातात. पोटात पोहे गेलेले असतात, पोरांना नवे कपडे घातलेले असतात, ऊन छान पडलेलं असतं. मिस्त्रीचं म्हणणं असं, की रविवारी सकाळी अकराला गोठासुद्धा बंगल्यासारखा दिसतो. त्यामुळे बोईसरचा फ्लॅट असला, की तो आधी वॉचमनला गाठतो आणि पाणी कधी सुटतं ते विचारतो. "चाचा, छह बजे आता है," वॉचमन सांगतो. मग मिस्त्री बरोबर सहाला हजर. वरच्या चार मजल्यांवर एकदम नळ सुटतात, बादल्या भरतात, आणि हा खालच्या घरात मोरीच्या भिंतीला कान लावून डोळे मिटून उभा. घरमालकाला वाटतं, म्हातारा झोपला. म्हातारा झोपलेला नसतो. भिंतीच्या पोटात पाणी कुठून कुठं चाललंय ते तो ऐकत असतो.

आणि घर किनाऱ्याच्या गावातलं असलं, घिवलीकडचं, तारापूरकडचं, तर मग वेळ एकच. अमावास्या किंवा पौर्णिमा, दुपारी बारा ते एक. उधाणाची भरती तेव्हा चढलेली असते. खाडी तुडुंब भरते आणि खालची जमीन पाणी पिऊन फुगते. घराचं जे काही खरंखोटं असेल ते त्या तासाभरात बाहेर येतं. फरशीला घाम सुटतो, मोरीतलं पाणी जायचं नाव घेत नाही, शोषखड्डा गुरगुरायला लागतो. मिस्त्री चपला काढून अनवाणी सगळ्या खोल्यांतून फिरतो. ओळंबा आणि लेव्हलची नळी पिशवीत असते, पण ती नंतर. आधी तळपाय.

नुकताच त्याच्याकडे शिवाजी नावाचा सांगलीकडचा एक मुलगा आला होता. बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात नोकरी, दोन वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरीशी लग्न झालेलं. म्हणाला, "मिस्त्रीकाका, रविवारी दुपारी मला सवड आहे. तेव्हा फ्लॅट बघून घेऊ."

"तुला सवड हाय रे. नळाला हाय काय?" मिस्त्री म्हणाला. "आन् बयाणा?"

"दिला नाही अजून."

"मंग येतो. बयाणा दिल्यावर मना बोलवायचं नाय. तवा मी घर बघत नाय, नुसती तुझी झोप घालवतो."

हे बोलताना मिस्त्री हसला, पण हे वाक्य त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. त्याची स्वतःची झोप एकतीस वर्षांपूर्वी गेली होती, आणि ज्या घरानं ती घालवली त्याच घरात तो अजून राहत होता.

दिनानाथ मूळचा मनोरकडचा, म्हणजे आत डोंगराच्या अंगाचा. त्याला नदी माहीत होती, समुद्र नव्हता. गवंडीकाम शिकून तो ठेकेदारांबरोबर तारापूरला आला, अणुवीज केंद्राच्या वसाहतीतल्या क्वार्टर्सच्या दुरुस्तीची कामं करू लागला, आणि त्याच्या मामानं किनाऱ्याच्या गावातली एक मुलगी त्याला बघून दिली. तिचं नाव रखमा. लग्नानंतर पाच वर्षं दोघं ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोलीत राहिली. मुलगी जागृती दोन वर्षांची झाली तेव्हा दिनानाथच्या कानावर आलं, की घिवलीच्या अलीकडे खाडीच्या कडेला एका तांडेलाचं, होडीच्या म्होरक्याचं, घर विकायचं आहे. विटांचं, कौलारू, पुढं अंगण, मागं दोन नारळ.

दिनानाथ ते घर तीनदा बघून आला. उगाच नाही, अगदी कसून. भिंती ठोकल्या, वासे बघितले, जोत्याची उंची मोजली. तिन्ही वेळा घर खडखडीत कोरडं. आता यात गोम अशी, की तांडेल घरी सापडायचाच मुळी भांगाच्या दिवसांत. उधाण लागलं की होड्या डोलीच्या जाळ्यांनी मासे धरायला जातात. सप्तमी-अष्टमीला भांग पडला, भरती मंदावली, की माणसं घरी येतात, जाळी सांधत बसतात, पाहुण्याला चहा पाजतात आणि घर दाखवतात. तांडेलानं काही लपवलं नाही. तो जेव्हा घरी होता तेव्हा त्याचं घर कोरडं होतं, इतकंच. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसानं पंचांग बघून ओळखलं असतं. डोंगरातून आलेल्या दिनानाथला ते कोण सांगणार? तिसऱ्या खेपेला त्यानं तिथंच बयाणा दिला आणि मग रखमाला घर दाखवायला नेलं, हातात नारळ देऊन.

राहायला गेले त्याच्या पाचव्या दिवशी अमावास्या होती. दुपारी जेवायला बसले तर पाटाखालून ओल वर आली.

त्यानंतर दिनानाथनं त्या घराला काय काय केलं म्हणून सांगावं! फरशी उखडून खाली रेती भरली, रेतीवर खडी भरली, कोबा केला, गिलावा तीनदा काढून तीनदा केला. दोन वर्षं बरी जायची, तिसऱ्या वर्षी पोपडे पुन्हा हजर. भिंतीला कमरेपर्यंत लोणा, म्हणजे मिठाची पांढरी भुकटी, चढायचा. रखमा दर भांगाला तो खराट्यानं झाडायची. झाडता झाडता तिला खोकला लागला, आणि खोकल्याचा दमा कधी झाला ते दोघांनाही कळलं नाही. अलीकडे पावसाळ्याचे चार महिने ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची. गेल्या वर्षी बोईसरच्या डॉक्टरांनी कागद बाजूला सारून सरळ सांगितलं, "मिस्त्री, औषध मी देतो. पण जागा तुम्हाला बदलावी लागेल. आणखी एखाददोन पावसाळे या ओलीत काढणं हिला झेपायचं नाही."

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर दिनानाथनं रखमाला रिक्षात बसवलं आणि स्वतः रस्त्यातच उभा राहिला. दुसऱ्यांची पाच-पन्नास घरं तपासून दिली, माणसं देवासारखं नाव घेतात, आणि आपल्या बायकोला आपण पाण्यात बसवलंय, हे त्याला एकदम सहन होईना. रिक्षावाला ओरडला तेव्हा तो आत बसला.

घर मिळायला वेळ लागला नाही. गावातच देवळाच्या वरच्या अंगाला, चढावर, वर्षाराणी बाईंचं घर होतं. बाई कोल्हापूरकडच्या. नोकरीमुळे इकडे आल्या, तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं, जागृतीलाही शिकवलं. आता त्यांच्या मुलाला, अक्षयला, कोळगावच्या जिल्हा कचेरीत नोकरी लागली होती, पालघरात त्यानं घर घेतलं होतं, आणि आईला एकटं ठेवायला तो तयार नव्हता. बाईंनी स्वतः येऊन सांगितलं, "मिस्त्री, घर तुम्हीच घ्या. रखमाताई तिथं राहिल्या तर मला माझ्या जास्वंदीची काळजी राहणार नाही."

दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी पेढे वाटले असते. दिनानाथ म्हणाला, "उधाणाला येतो."

ही गोष्ट वैशाखातली. वैशाखी अमावास्येला तो दुपारी बाराला गेला, अनवाणी फिरला. घर कोरडं. पण उन्हाळ्यातल्या कोरड्याला काय अर्थ? ज्येष्ठात गेला. आषाढात भर पावसात छत्री घेऊन गेला. श्रावणी पौर्णिमेला नारळ समुद्राला वाहून लोक घरी जेवायला गेले आणि हा बाईंच्या मोरीत बादल्या ओतत बसला. बाई बिचाऱ्या दर खेपेला त्याच्यासाठी चहा ठेवत. भाद्रपदात त्याला स्वयंपाकघराच्या मागं हातभर ओल सापडली, तेव्हा त्याच्या तोंडावर जवळजवळ समाधान दिसलं. दोन दिवस त्या ओलीचा माग काढल्यावर निघालं काय, तर वरच्या टाकीचा बोळा सैल होता. तो त्यानंच घट्ट केला. ओल गेली. तरी म्हणाला, "आश्विनाचं उधाण मोठं असतं. ते बघू."

असं ते भिजत घोंगडं कार्तिकापर्यंत आलं.

जागृती पालघरहून फोन करून करून थकली. "बाबा, तुमी घर बघताय काय चोर पकडताय? आईचा हा पावसाळा गेला. पुढचा पन तिथंच काढायचा काय?"

"एकदा चुकलो," दिनानाथ एवढंच म्हणायचा. "आता चुकायचं नाय."

रखमा काही बोलायची नाही. तिची बाजू घ्यायला सगळे होते, तीच तेवढी गप्प. चुलीपाशी बसून कालवण ढवळायची आणि मधून मधून थांबून श्वास गोळा करायची. तो श्वास गोळा करतानाचा आवाज दिनानाथला ऐकू यायचा. भिंतीतलं पाणी ऐकणारा कान तो. त्याला काय ऐकू येणार नाही? ऐकू यायचं आणि तो आणखी घाबरायचा, आणि घाबरला की त्याला आणखी एक उधाण बघावंसं वाटायचं.

कार्तिकात बाईंनी सांगितलं, "मिस्त्री, मला पुढच्या आठवड्यात निघायचंय. बोईसरचे एक मेहुल म्हणून आहेत, ते आजसुद्धा बयाणा द्यायला तयार आहेत. मी तुमच्यासाठी थांबलेय. पण अक्षय आता ऐकत नाही."

"पौर्णिमेपर्यंत," दिनानाथ म्हणाला. "कार्तिकी पौर्णिमेचं एक उधाण. मंग नक्की."

बाईंनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

कार्तिक शुद्ध अष्टमीला दिनानाथ सकाळीच बोईसरला गेला. शिवाजीच्या इमारतीला त्या दिवशी पाणी सकाळी सुटणार होतं. शिवाजी कामाच्या कपड्यांतच आला होता. मिस्त्रीनं भिंतीला कान लावला, मोरीत पाणी सोडलं, खिडकीतून वाकून पाइप बघितले, आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गिलावा पोकळ वाजतो ते दाखवलं. "घर वाईट नाय," तो म्हणाला. "हा कोपरा करून घे त्यांच्याकडून, मंग बयाणा दे. घाई करू नको." शिवाजीनं वाकून नमस्कार केला. मिस्त्रीला बरं वाटलं. परतीच्या टमटममध्ये तो पौर्णिमेला अजून किती दिवस ते बोटांवर मोजत होता.

घरी आला तर दाराला कडी. शेजारचा भावेश अंगणात जाळं पसरून बसला होता. भांगाचे दिवस, त्यामुळे घरी. तो म्हणाला, "काकी वर गेली, बाईंकडं."

"चढ चढून? एकटी?"

"चार ठिकानी बसत बसत गेली. मी येतो म्हनालो, तर नको म्हनाली."

दिनानाथ पिशवी न ठेवताच निघाला. सहा महिन्यांत तो हा चढ कितीदा चढला होता, पण असा धापा टाकत कधीच नाही. वर पोचला तर रखमा बाईंच्या पायरीवर बसलेली. पायांत चपला, डोक्यावर पदर, हातात चहाचा कप. बाई दारात उभ्या, आणि दोघींच्या मध्ये ताटात नारळ, हळदकुंकू आणि वर ठेवलेल्या नोटा. त्या नोटा त्यानं ओळखल्या. सुकट आणि सोडे विकून रखमानं डब्यात साठवलेल्या, चौपदरी घडीच्या.

"मी बयाणा दिला," रखमा म्हणाली.

दिनानाथला आधी वाटलं, ही थट्टा करतेय. मग बाईंचा चेहरा बघितला आणि त्याचा आवाज चढला. "आज? आज अष्टमी हाय! भांग हाय आज! अगं, आज कुनी घर बघतं काय? तुला ठावं नाय, मी त्या वक्ताला..."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"बसा आधी. तुमाला धाप लागली."

तो बसला नाही. रखमानं कप खाली ठेवला, श्वास गोळा केला, आणि पायरीच्या दगडावरून तळहात फिरवला. मग तळहात त्याच्यापुढं धरला. "बघा. काय लागलंय?"

हाताला धूळ होती. साधी, तांबडी.

"उधाणाला सगळंच वलं असतं," रखमा म्हणाली. "तवा पानी कंचं आन् घाम कंचा, तुमाला तरी कळतं काय? भांगाला वल सुकते, आन् मंग लोणा वर येतो. पांढरा. हातानं पुसला तर जिभेला खारट लागतो. आमच्या घरच्या बाया घर असंच बघायच्या. भांगाला. मी आज हितलं सगळं जोतं फिरून आली. चारी बाजूनं. कुटं पांढरं नाय."

दिनानाथ तिच्या तळहाताकडे बघत राहिला. पस्तीसेक वर्षांचा संसार, आणि हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. मग त्याला हळूहळू एक दुसरा दिवस आठवला.

"रखमा. तवा मी तुला नारळ घेऊन तांडेलाच्या घरी नेलं. तो दिवस पन भांगाचाच होता."

"व्हय."

"तवा तिथं..."

"पायरीवर होता लोणा," रखमा म्हणाली. "वीतभर. जोत्याला पन होता. मी आत जायच्या आदीच बघितला. तुमाला तो सफेदीचा चुना वाटला असंल."

बाई हळूच आत निघून गेल्या. स्वयंपाकघरात त्यांनी उगाचच भांडी वाजवायला सुरुवात केली.

"मंग बोलली का नाय?" दिनानाथचा आवाज फुटला. "एक शब्द बोलली असती तर..."

"तुमी बयाणा देऊन आला होता. मना इचारायला नेलं नव्हतं, दाखवायला नेलं होतं." हे ती रागानं म्हणाली नाही. जेवायला काय केलंय ते सांगावं तसं म्हणाली. "आन् तुमी दारात उभे होता. नारळ घेऊन. जागूला खांद्यावर बसवून. 'रखमा, ही तुझी मोरी, ही तुझी चूल,' असं एकेक हात लावून दाखवत होता. तुमाला इतकं खूश मी लग्नात पन बघितलं नव्हतं. मी काय बोलनार? म्हनलं, लोणा काय, झाडता येतो."

दिनानाथ पायरीवर बसला. एकतीस वर्षं तो एका चुकीचं ओझं वाहत होता. त्याला वाटायचं, ती चूक समुद्राची होती, पंचांगाची होती, फार तर डोंगरातून आल्याची होती. आणि ती चूक होती एवढीच, की शेजारी उभ्या असलेल्या बाईला त्यानं विचारलं नव्हतं. ते घर कसं आहे हे या गावात ज्या एका माणसाला बघताक्षणी कळलं, ते माणूस त्याच्याच घरात होतं. आणि त्या माणसानं त्याच्या आनंदापायी स्वतःचा श्वास त्या भिंतींना दिला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं ते पुसलंही नाही.

"आन् हे घर?" तो कसाबसा म्हणाला. "वैशाखापासनं मी हितं येतो. एकदा तरी म्हनायचं, मना ने म्हनून."

"सहा महिने वाट बघितली, तुमी इचाराल म्हनून," रखमा म्हणाली. "आता मेहुल का कोन, तो घेऊन जाईल असं बाई म्हनाल्या. तवा म्हनलं, आता आपनच उठावं." तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नका. बाईंनी तुमचा पन चहा ठेवलाय. तुमचा कप कंचा ते त्यांना ठावं हाय."

पुढचं सगळं नीट पार पडलं. जागृती आणि जावई धावून आले, कागदपत्रं झाली, बाई जास्वंदीला शेवटचं पाणी घालून पालघरला गेल्या. जुनं घर विकायला काढलं तेव्हा गिऱ्हाइकाला घर दाखवायला दिनानाथनं अमावास्येला दुपारी बारा वाजता बोलावलं आणि त्याला स्वतः हात धरून ओल दाखवली. ते गिऱ्हाईक जे पळालं ते परत फिरकलं नाही. शेवटी भावेशनंच ते घेतलं, जाळी आणि इंजिनं ठेवायला. जाळ्यांना ओलीचं काय!

नव्या घरी राहायला गेल्यावर पहिल्या अमावास्येला दुपारी दिनानाथ जेवणावरून उठला, चपला काढल्या आणि खोल्यांतून अनवाणी फिरायला लागला. रखमा पाटावर बसून त्याची गंमत बघत होती. "अवो, सुकं हाय. भात निवतो." तो येऊन बसला. भिंतीला न टेकता ती जेवत होती, हे त्याला दिसलं. त्यानं भात कालवायला घेतला.

तेवढ्यात शिवाजीचा फोन आला. कोपऱ्याचा गिलावा बिल्डरनं करून दिला होता. "मिस्त्रीकाका, सगळं ओके आहे. आज बयाणा देऊन टाकू ना?"

"घर ज्ञानेश्वरीनं बघितलं काय?" मिस्त्रीनं विचारलं.

"अजून नाही. बयाणा झाला की घेऊन जाणारच आहे तिला. नारळ पण आणलाय."

मिस्त्रीनं घास ताटात परत ठेवला.

"नारळ ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आदी तिला ने. तुझ्याशिवाय, एकटीला फिरू दे घरभर. ती काय बोलंल ते ऐक. आन् ती काय बोलली नाय, तर देऊ नको बयाणा. बस तिच्याजवळ आन् परत इचार."